कारण जाणण्याचा अधिकार

मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होते, तिची उंची भरते, तारुण्याच्या सर्व खुणा वेळच्या वेळी तिच्या अंगावर उमटतात, बरोबरीच्या मैत्रिणींना न्हाण येऊन दोन-तीन वर्षे उलटून गेलेली असतात आणि तिला मात्र पाळी आलेली नसते, तेव्हा घरात प्रथम कुजबुज सुरू होते. मग काढे होतात, गोळ्या होतात, कुठे नवस बोलला जातो, आणि अशा रीतीने वर्ष-दीड वर्ष निघून गेल्यावर जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी होऊन ‘हिला पिशवीच नाही’ हे शब्द आईच्या कानी पडतात. उपचार, खर्च, मुलीचे लग्न हे सारे प्रश्न यथाकाल पुढे येतातच; पण त्या क्षणी त्या माउलीच्या मनात उभा राहतो तो प्रश्न ‘हे कशामुळे झाले आणि यात माझे काय चुकले’ हाच असतो. वैद्यकशास्त्राने या प्रश्नापुढे आजवर बहुतांशी मौन पाळले आहे, आणि समाजापाशी मात्र त्याचे उत्तर पूर्वीपासून तयार आहे. शास्त्राचे हे मौन संपावे आणि समाजाचे ते तयार उत्तर कायमचे रद्द व्हावे, यासाठी स्त्रीच्या जननमार्गातील जन्मजात दोषांच्या आनुवंशिक कारणांचा शोध आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतून पद्धतशीरपणे घेतला गेला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

समाजाचे ते उत्तर म्हणजे आईचा दोष. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, ग्रहणकाळात विळीवर भाजी चिरली, डोहाळे पुरे झाले नाहीत, वडीलधाऱ्यांनी सांगितलेले पथ्य मोडले, असल्या सबबी आजही चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकू येतात, आणि त्या ऐकवल्या जातात त्या नेमक्या अशा वेळी, की जेव्हा त्यांचा प्रतिवाद करण्याचे बळ त्या स्त्रीच्या अंगी उरलेले नसते. या समजुतीचे मूळ जुने आहे. चरकसंहितेत ज्या वीस योनिव्यापदांचे वर्णन आलेले आहे, त्यांतील ‘सूचीमुखी’ या विकारात मुलीचे योनिद्वार जन्मतःच अतिसूक्ष्म असते, आणि त्याचे कारण म्हणून तेथे कुपित वायूबरोबर मातेचा दोष स्पष्ट शब्दांत सांगितलेला आहे. परंतु त्याच प्रकरणात ‘षण्ढी’ नावाच्या व्यापदाची मीमांसा करताना ग्रंथकाराने बीजदोषाचा निर्देश केला आहे आणि गर्भावस्थेतच आशयाचा उपघात होतो असेही म्हटले आहे. या प्राचीन लक्षणांची आजच्या एखाद्या रोगाशी ओढूनताणून सांगड घालण्याची माझी इच्छा नाही. मला आश्चर्य वाटते ते एवढ्याचेच, की एकाच ग्रंथात शेजारी शेजारी असलेल्या या दोन विचारांपैकी मातृदोष तेवढा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला, आणि बीजाचा विचार, जो अधिक खोल होता आणि ज्यात आईइतकाच बापाचाही वाटा येतो, तो विस्मृतीत जाऊ दिला.

जननमार्ग घडता घडता कोठे चुकतो हे समजण्यासाठी तो घडतो कसा हे प्रथम पाहिले पाहिजे. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याच्या उदरपोकळीच्या अस्तरातून दोन्ही बाजूंना एकेक नलिका आत वळू लागते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३० मध्ये या नलिकांचे वर्णन केले म्हणून त्यांना म्युलरच्या नलिका म्हणतात. पुरुषगर्भात वृषणातून स्रवणाऱ्या एका द्रव्यामुळे त्या विरून जातात. फ्रान्सचे आल्फ्रेड जोस्त यांनी सशांच्या गर्भांवर केलेल्या आणि १९४७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ही गोष्ट सिद्धतेच्या मार्गाला लागली. स्त्रीगर्भात मात्र त्या नलिका आधीच तयार झालेल्या मूत्रसंस्थेच्या नलिकांच्या आधाराने खाली उतरतात, मध्यरेषेवर एकमेकींना भेटतात, आणि कऱ्हाडला कृष्णा व कोयना समोरासमोरून येऊन मिळतात व तेथून एकाच पात्राने वळून पुढे जातात त्याप्रमाणे एकजीव होतात. वरचे सुटे भाग म्हणजे बीजवाहिन्या, आणि मीलनानंतरचा भाग म्हणजे गर्भाशय, त्याचे मुख आणि योनिमार्गाचा वरचा अंश. दोहोंमधील पडदा त्यानंतर हळूहळू विरघळतो, आणि गर्भ वीस आठवड्यांचा होईपर्यंत हे काम बहुधा पूर्ण झालेले असते.

या क्रमात कोठेही खंड पडू शकतो. दोहोंपैकी एकच नलिका वाढली तर गर्भाशय एकशृंगी होते. दोन्ही वाढूनही भेटल्या नाहीत तर दोन स्वतंत्र गर्भाशये राहतात. अर्धवट भेटल्या तर ते द्विशृंगी होते. आणि मधला पडदा तसाच राहिला तर बाहेरून निर्दोष दिसणारे गर्भाशय आतून दुभागलेले असते. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०११ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार सर्वसाधारण स्त्रियांत अशा दोषांचे प्रमाण सुमारे साडेपाच टक्के आहे, आणि ज्यांचे गर्भपात झालेले आहेत अशा स्त्रियांत ते सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत जाते. यांतील बहुसंख्य स्त्रियांना आपल्या शरीरातील हे वेगळेपण जन्मभर कळतही नाही, आणि काहींना ते कळते ते वारंवार मूल गमावल्यानंतर. अशा गर्भपातांपैकी जे गर्भाशयमुखाच्या दुर्बलतेमुळे होतात ते टाळण्यासाठी गोमंतकात जन्मलेल्या आणि मुंबईत कीर्ती मिळवलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ मध्ये जो टाका सुचवला, तो आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. स्त्रीरोगचिकित्सेत या भूमीने जगाला काही दिलेले आहे, हे येथे आवर्जून नमूद करतो. कारण आनुवंशिक संशोधनाचा विषय निघाला की ते काम परदेशांचे, आपण केवळ निकालाची वाट पाहावयाची, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झालेली आहे.

या दोषांत सर्वांत गंभीर तो, ज्यात गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग मुळात घडतच नाही, किंवा केवळ अवशेषरूपाने राहतो. अंडाशये शाबूत, गुणसूत्रे स्त्रीची, बाह्यांगे आणि स्तनांची वाढ यथायोग्य, आणि तरीही ऋतुप्राप्ती नाही, अशी ही अवस्था. बॉनच्या मायर यांनी १८२९ मध्ये, व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी १८३८ मध्ये, क्यूस्टर यांनी १९१० मध्ये आणि हाउझर यांनी १९६१ मध्ये तिचे विवरण केले म्हणून या चौघांची नावे जोडून ती ओळखली जाते, आणि डॉक्टर मंडळी तिला आद्याक्षरांनी ‘एमआरकेएच’ म्हणतात. साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीला ती असते. हेच प्रमाण आपल्या राज्याला लावले, तर २०११ च्या जनगणनेत नोंदलेल्या सुमारे ५ कोटी ४१ लाख स्त्रियांत अशा स्त्रिया दहा हजारांहून कमी भरणार नाहीत. चार विद्वानांनी सव्वाशेहून अधिक वर्षे वर्णन केले, आणि कारण मात्र त्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. यात त्यांचा उणेपणा नाही. त्यांच्या हाती तेव्हा ती साधनेच नव्हती.

साधने हाती आल्यावरही शोध सोपा झाला नाही, आणि त्याचे कारण या विकाराच्या स्वरूपातच आहे. आनुवंशिक रोगाचा माग काढण्याची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे वंशावळ मांडणे, कोणत्या पिढीत कोणाला तो होता याच्या खुणा करणे, आणि त्या खुणांबरोबर गुणसूत्राचा कोणता अंश पिढ्यांतून उतरत आला हे ताडून पाहणे. हाताचे व पायाचे अंगठे आखूड असणे आणि त्याबरोबर गर्भाशय दुभंगलेले असणे असा एक विकार १९७० मध्ये वर्णिला गेला. त्या विकारातील स्त्रियांना मुले होतात, म्हणून त्यांची वंशावळ मांडता आली, आणि १९९७ मध्ये ‘हॉक्सए१३’ हे जनुक त्याचे कारण म्हणून निश्चित झाले. ज्या स्त्रीला गर्भाशयच नाही तिच्यापाशी मात्र वंशावळ थांबत असे. बहुतेक घराण्यांत अशी एकच मुलगी आढळे, मागे कोणी नाही आणि पुढेही कोणी नाही; तेव्हा हा विकार आनुवंशिक नसावा, तो एक अपघात असावा, असे अनुमान शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केले. त्या परिस्थितीत ते अनुमान स्वाभाविक होते, पण अपुरे होते.

पुढचा मार्ग उंदरांनी दाखवला. डब्ल्यूएनटी४ नावाचे जनुक निकामी केलेल्या मादी-उंदरांत म्युलरच्या नलिका तयारच होत नाहीत, हे १९९९ मध्ये दिसून आले, आणि पाच वर्षांनी झुरिकच्या संशोधकांना एका तरुणीत त्याच जनुकातील बदल सापडला. तथापि त्या तरुणीत पुरुषी संप्रेरकांचे आधिक्यही होते. सबब तो प्रकार निराळा आणि अतिविरळ ठरला. त्यानंतर गुणसूत्रांतील सूक्ष्म तुकड्यांची मोजणी शक्य झाल्यावर काही रुग्णांत सतराव्या गुणसूत्राचा एक लहान अंश आणि काहींत सोळाव्याचा एक अंश गळालेला आढळला. सतराव्यावरील त्या अंशात एचएनएफ१बी आणि एलएचएक्स१ ही दोन जनुके येतात, आणि त्यांतील पहिल्याचा संबंध मूत्रपिंडातील गाठी व तरुण वयातील मधुमेह यांच्याशी आधीच प्रस्थापित झालेला होता. जीआरईबी१एल हे जनुक २०१७ मध्ये मूत्रपिंड न घडण्याच्या विकाराशी जोडले गेले, आणि दोनच वर्षांत ते गर्भाशय न घडलेल्या स्त्रियांच्या एका कुटुंबातही सापडले. चीनमधील रुग्णालयांनी आपल्याकडील चारशेहून अधिक रुग्ण-स्त्रियांची जनुके एकत्र तपासून २०२१ मध्ये जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात अशी आणखी काही नावे पुढे आली. हे सर्व एकत्र केले तरी बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कारणाचा उलगडा होत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींपैकी एकीला गर्भाशय आहे आणि दुसरीला नाही, अशी उदाहरणे वैद्यकाच्या दप्तरात नोंदलेली आहेत. तेव्हा जनुक हे एकटे सर्व प्रकरणाचा निकाल लावू शकत नाही, गर्भाच्या वाढीत त्या जनुकाला लाभलेली परिस्थितीही विचारात घ्यावी लागते, हे उघड आहे.

परंतु या अपुऱ्या ज्ञानातूनही एक गोष्ट अशी निष्पन्न झाली आहे की तिच्यासाठी सर्व खटाटोप सार्थकी लागला असे मी म्हणेन. ज्या जनुकीय बदलाचा परिणाम गर्भाशयावर होतो तो बदल पुरुषाच्या शरीरात असेल तर त्याला गर्भाशय नसल्यामुळे तो प्रकट होण्याला जागाच नाही. फार तर त्या पुरुषाला एकच मूत्रपिंड असेल, आणि तेही त्याला ठाऊक नसेल. असा निरोगी, निर्वेध आयुष्य जगणारा बाप आपल्या कन्येला तो बदल देऊ शकतो. काही वेळा तो बदल आईबापांपैकी कोणाकडेच नसतो, तो त्या एका बीजातच नव्याने घडलेला असतो. आईकडून येणे हा अनेक मार्गांपैकी एक, आणि तसा तो आला तरी त्यात ग्रहणाचा, विळीचा किंवा पथ्याचा काडीचाही संबंध नाही. ज्या घरात एका स्त्रीने आयुष्यभर हा आरोप मुकाट्याने सोसला, त्या घरात ही माहिती एखाद्या अधिकारी डॉक्टराने नवऱ्याच्या आणि सासूच्या समक्ष शांतपणे सांगणे, हे मी औषधोपचाराइतकेच मोलाचे मानतो.

सर्वच कारणे बीजात असतात असा दुराग्रह धरण्याचे मात्र कारण नाही, आणि या विषयाच्या इतिहासातच त्याचा इशारा आहे. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक तयार केले. पुढे अमेरिकेत ते गर्भपात टाळण्यासाठी असंख्य गर्भवतींना देण्यात आले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की ते औषध घेतलेल्या मातांच्या कन्यांना तरुणपणीच योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो, आणि त्यानंतरच्या तपासणीत अशा कन्यांच्या गर्भाशयाचा आकारही बिघडलेला आढळला. येथे आईने जे केले ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, मुलाच्या जिवासाठी केले होते. दोष तिचा नव्हता, परिणाम मात्र तिच्या लेकीला भोगावा लागला. शहानिशा करणारे डॉक्टर होते, रुग्णालयाच्या दप्तरात जुन्या नोंदी शाबूत होत्या, आणि आयांची जबानी घेण्याची दक्षता त्यांनी दाखवली, म्हणून ते कारण उजेडात आले आणि पुढच्या मुली वाचल्या. कारण बीजात असो वा औषधात, नोंदीवाचून ते कधीच सापडत नाही.

कोणी म्हणेल, कारण कळून उपयोग काय, गर्भाशय तर परत येत नाही. हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो वरवरचा आहे. जननमार्ग आणि मूत्रसंस्था एकाच जागी, एकमेकींच्या आधाराने वाढतात हे वर सांगितलेच. म्हणून या मुलींपैकी अनेकींच्या मूत्रपिंडांत, काहींच्या मणक्यांत, काहींच्या श्रवणशक्तीत किंवा हृदयातही दोष असतो. सतराव्या गुणसूत्राचा तो अंश गळालेला आहे असे ज्या मुलीच्या बाबतीत निश्चित होते, तिच्या मूत्रपिंडांचे काम आणि रक्तातील साखर जन्मभर तपासत राहावी लागते. आणि हे वेळीच कळले तर तिची मूत्रपिंडे वाचवता येतात. गर्भाशय नसलेल्या प्रत्येक मुलीचे निदान एकच असते असेही नाही. काही मुलींत गुणसूत्रे पुरुषाची असतात, शरीर पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देत नाही, आणि पोटात राहिलेल्या वृषणांवर पुढे लक्ष ठेवणे आवश्यक असते. हा विकार एक्स गुणसूत्रावरील एका जनुकामुळे होतो आणि आईच्या बाजूने बहिणींत व मावश्यांत आढळू शकतो. रक्तावरील गुणसूत्रांच्या तपासणीने हे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. एवढी तपासणीही न करता ‘पिशवी नाही, काही करता येणार नाही’ असा निकाल देऊन मुलीला परत पाठवणे, हा तिच्यावरील अन्याय आहे. करता येण्याजोगे पुष्कळ आहे. योनिमार्ग शस्त्रक्रियेवाचून, केवळ क्रमाक्रमाने ताण देऊन वाढवण्याची रीत रॉबर्ट फ्रँक यांनी १९३८ मध्येच सांगितली आणि आजही तीच पहिली पसंतीची मानली जाते. वैवाहिक जीवनाचा मार्ग त्यायोगे मोकळा होतो.

आणि आता तर आनुवंशिकतेचा प्रश्न या स्त्रियांसाठी प्रत्यक्ष व्यवहाराचा झाला आहे. त्यांची अंडाशये स्त्रीबीज निर्माण करतात. म्हणून सरोगसीच्या मार्गाने त्यांना स्वतःचे अपत्य होऊ शकते, आणि आपल्या देशाच्या २०२१ च्या सरोगसी अधिनियमाखालील नियमांत गर्भाशय नसणे हे त्यासाठी मान्य कारण आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका स्त्रीने प्रत्यारोपित गर्भाशयातून २०१४ मध्ये मुलाला जन्म दिला. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०१७ मध्ये भारतातील पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण केले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच रुग्णालयात प्रत्यारोपित गर्भाशयातून मूल जन्माला आले. जी वंशावळ पूर्वी थांबत असे ती आता पुढे चालू झाली, आणि ‘माझ्या मुलीलाही असेच होईल काय’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या स्त्रियांना प्रथमच प्राप्त झाला. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा मातांना सरोगसीने झालेल्या १७ कन्यांपैकी एकीतही हा दोष आढळला नव्हता. हे उत्तर दिलासा देणारे आहे, परंतु सतरा ही संख्या लहान आहे, आणि विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या स्त्रीला तेच उत्तर डोळे मिटून देता येणार नाही. तिला तिच्या स्वतःच्या तपासणीवर आधारलेले उत्तर मिळाले पाहिजे.

हा शोध आपण येथे का करावा, याला एक स्वतंत्र कारण आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या आमिश समाजात, जो शतकानुशतके आपल्यातच विवाह करत आला, योनिमार्ग अडून त्यात द्रव साचणे आणि त्याबरोबर हाताला जादा बोट असणे, असा एक विकार व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्ये वर्णिला, आणि २००० मध्ये त्याचे जनुक सापडले ते त्या समाजाने आपल्या वंशावळी व आपले रक्त शास्त्रज्ञांच्या हवाली केले म्हणूनच. आपल्याकडे जातीतच लग्ने होतात, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल अद्याप चालू आहे. आईबाप दोघांकडून एकच बदल उतरल्यानेच जे दोष प्रकट होतात, त्यांचा माग अशा समाजात जितका लागेल तितका अन्यत्र लागणार नाही. शिवाय एखाद्या मराठी मुलीच्या जनुकात काही बदल दिसला, तर तो रोगाचा आहे की आपल्या लोकांत सामान्यपणे आढळणारा निरुपद्रवी आहे, हे ठरवण्यासाठी आपल्याच लोकांची तुलनेची माहिती लागते, आणि जगाच्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचीच भरती अधिक आहे. दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी फरिदाबादच्या राष्ट्रीय संग्रहातून संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आली, ही या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. आता उणीव आहे ती रुग्णांच्या नोंदींची.

यंत्रणा नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाला. त्याची पथके शाळांतून फिरतात, आणि किशोरींना विचारावयाच्या प्रश्नांत पाळी उशिरा येण्याचा प्रश्न समाविष्ट आहे. पण त्या प्रश्नाला ‘अजून आली नाही’ असे उत्तर देणाऱ्या मुलीसाठी पुढची वाट आखलेली पाहिजे, आणि ती वाट जिल्हा रुग्णालयातून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, तेथून जनुकतज्ज्ञापर्यंत विनासायास जाणारी असली पाहिजे. यासाठी नव्या इमारतीची तजवीज नको, मोठ्या मंजुऱ्या नकोत. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी एकच सामायिक नोंदवही ठेवावी, प्रत्येक मुलीची गुणसूत्रे व मूत्रपिंडे तपासल्याचा दाखला तीत असावा, आणि परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी नमुने पाठवण्याची रीत ठरवून द्यावी. रक्तक्षय आणि कुपोषण यांपुढे हा खर्च चैनीचा आहे असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की दहा हजार स्त्रियांचे दुःख लपलेले आहे म्हणून ते लहान ठरत नाही.

एक भय मात्र खरे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गर्भाचे लिंग ओळखण्याचे साधन हाती येताच या समाजाने त्याचा काय उपयोग केला हे आपण पाहिले आहे. गर्भजलपरीक्षेला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात प्रथम महाराष्ट्राला करावा लागला आणि १९९४ मध्ये केंद्राला. उद्या जनुकतपासणीचा कागद विवाहाच्या बोलणीत मागितला जाऊ लागला, किंवा ‘दोषी’ जनुक असलेला स्त्रीगर्भ काढून टाकण्याचा सल्ला कोणी देऊ लागला, तर ज्या मुलीसाठी शोध आरंभला तिच्याच विरुद्ध तो उलटेल. म्हणून तपासणीचा निकाल हा त्या मुलीच्या मालकीचा असावा, तिच्या संमतीवाचून तो बापालाही दाखवला जाऊ नये असा दंडक सज्ञान स्त्रीच्या बाबतीत असावा, आणि अज्ञान मुलीच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर तिची स्वतःची अनुमती घेण्याची जी तरतूद आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे तिची अक्षरशः अंमलबजावणी व्हावी. भयामुळे शोधच थांबवणे हा उपाय नव्हे. कारण शोध थांबला तरी आरोप थांबत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले आणि निंदा सोसून, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले ते शरीराविषयी मराठीत स्वच्छपणे बोलता यावे म्हणून. त्या मोकळेपणाचा लाभ आपण या मुलींना द्यावा. ज्या घरात मुलगी पंधरा वर्षांची होऊनही तिला पाळी आलेली नाही, किंवा दर महिन्याला असह्य पोटदुखी होऊनही रक्तस्राव होत नाही, त्या घरातील आईवडिलांना माझी विनंती आहे: नवस आणि काढे यांत वर्ष घालवू नका, तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, गर्भाशयाबरोबर दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या, गुणसूत्रांची तपासणी मागून घ्या, आणि संशोधनासाठी नमुना मागितला गेला तर त्याचा लेखी खुलासा घेऊन, मुलीला सर्व समजावून सांगून, तिची इच्छा असेल तर तो अवश्य द्या.